गाठीच्या तापाचे साल



२०२० सालच्या मार्च महिन्यात सारा देश एका रात्रीत बंद झाला, तेव्हा घरोघरी एकच वाक्य ऐकू येत होते : "असे पूर्वी कधी झाले नव्हते." मीही वर्गात तसेच बोलून गेलो होतो. इतिहास शिकविणाऱ्या माणसाने असे बोलावे, हे काही बरे नव्हे. कारण त्या महिन्यात महाराष्ट्र शासनाने ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला, तो कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झालेला आहे, आणि तो करावा लागला तो आपल्या मुंबईतील साथीमुळे. ते साल आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी पाहिलेले आहे. माझी दादी त्याला "गाठीच्या तापाचे साल" म्हणे. तिने स्वतः ते पाहिले नव्हते. तिच्या आजोबांकडून ऐकले होते. त्या सालात साध्या माणसांनी कसे दिवस काढले आणि धंदे-उद्योग कसे तगले, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

सप्टेंबर १८९६. मुंबईचा मांडवी भाग. बंदराला लागून असलेल्या या वस्तीत धान्याची मोठमोठी कोठारे होती, आणि कोठारांत उंदीर. तेथील एका रोग्याला तपासून डॉ. अकॅसिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी हा प्लेग असल्याचे सांगितले. अनेकांना ते पटले नाही, आणि व्यापाऱ्यांना तर ते पटवून घ्यावयाचेच नव्हते. प्लेगचे नाव निघाले की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना अडवणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण उंदीर मरून पडू लागले आणि त्यांच्यामागून माणसे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८९६ साली सरकारने दुकाने बंद करा, गिरण्या बंद करा, असा हुकूम काढला नाही. शहर बंद पाडले ते लोकांनी, आपल्या पायांनी. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजारांच्या वर होती. १८९७ च्या आरंभापर्यंत त्यातील पावणेचार लाखांच्या आसपास माणसे निघून गेली, असा त्या काळचा अंदाज आहे. कोणी गुजरातेत गेले, कोणी घाटावर, आणि फार मोठा लोंढा आगबोटींनी रत्नागिरीकडे. पेढ्या बंद, बाजार ओस, घरात स्वयंपाकाला माणूस मिळेना. ज्यांना गावी घर नव्हते पण हातात पैसा होता, त्यांनी मोकळ्या मैदानांवर झोपड्या उभारून संसार थाटले. ज्यांना दोन्ही नव्हते, ते चाळीत राहिले.

आता गिरण्यांचे पाहा. एरव्ही गिरणीत मजुराचा पगार महिन्याने होई, आणि तोही कित्येक आठवडे थकवून. मजूर मध्येच गेला तर थकलेला पगार मालकाच्या हाती राही. तो एक प्रकारचा लगामच होता. प्लेग आला आणि लगाम तुटला. जो मजूर आज आहे तो उद्या जिवंत असेल की नाही, हे मजुरालाही ठाऊक नव्हते आणि मालकालाही नव्हते. मजूर म्हणाले, आजचे काम, आजचा पैसा. मालकांना ते मान्य करावे लागले. गिरण्यांचे लोक नाक्यानाक्यावर उभे राहून मजुरांसाठी चढाओढीने बोली लावीत. लिलावात माल विकतात तसा माणसाच्या श्रमाचा लिलाव. फरक इतकाच की येथे बोली चढली तर पैसा मजुराला मिळे. काही गिरणीवाल्यांनी मजुरांच्या राहण्याची सोय गिरणीच्या आवारात केली. साथ ओसरताच जुनी मासिक पद्धत परत आणण्याची मालकांची खटपट सुरू झाली, हेही सांगितले पाहिजे. पण काही महिने का होईना, सूत कातणाऱ्या माणसाला आपली किंमत कळली.

त्याहून मोलाची हकीगत भंगीकाम करणाऱ्यांची आहे. मुंबईत त्यांना हलालखोर म्हणत. १८९६ च्या ऑक्टोबरात म्युनिसिपालिटीने रोग्याला सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम काढला होता. त्या महिन्याच्या २९ तारखेला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. साहेबांना मात्र त्याहून मोठी भीती होती : हलालखोर शहर सोडून गेले तर काय? लाखो माणसांच्या शहरातील मैला एक आठवडा उचलला गेला नाही तर प्लेगची गरजच उरणार नाही. म्हणून ती सक्ती लगोलग सैल करण्यात आली. ज्याला कोणी दारात उभे करीत नव्हते, त्याच्या रुसव्याची सरकारला धास्ती वाटली. आमच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट मी कधी वाचली नाही.

लोक इस्पितळाला एवढे का भीत? आपण आज "अडाणी होते" असे म्हणून मोकळे होतो. पण थोडे त्यांच्या जागी जाऊन पाहावे. इस्पितळात नेलेला माणूस बहुधा परत येत नसे. घरच्यांना त्याच्याजवळ बसता येत नसे. आपल्या लोकांत मरणाऱ्याच्या कानावर कलमा पडावा, मय्यतीला आपल्या माणसांनी गुस्ल द्यावा, ही आस असते. परक्या हातांत मरण यावे, यापेक्षा घरात लपून मरण बरे, असे त्यांना वाटले. हिंदू शेजाऱ्यांच्याही मनात आपल्या रीतीप्रमाणे तेच होते. मग रोगी माळ्यावर लपविले जात, मय्यती गुपचूप उचलल्या जात, आणि रोग आणखी पसरे. भीती समजण्याजोगी होती. तिचे फळ मात्र वाईटच होते. दोन्ही खरे आहे.

मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर यांच्या हाती मुंबईचा कारभार आला, पुण्यास रँडसाहेबांच्या हाती. घरोघरी झडती, घरातील सामानाची जाळपोळ, चुन्याचे हात, औषधी पाण्याचे लोट. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर "यू. एच. एच." अशी इंग्रजी अक्षरे रंगवीत. रेल्वेने जाणाऱ्यांची कल्याणसारख्या स्थानकांवर तपासणी होई. पुण्यात गोरे सोजीर माजघरापर्यंत शिरत. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. पुढे लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, त्यात त्यांना ऑगस्ट महिन्यात जामीन देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी ते एक.

त्याच साली फेब्रुवारीत सरकारने मुंबईहून हजला जाण्यास बंदी केली. हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतील हाजी मुंबईच्या बंदरातून जात. हाजींच्या जिवावर मुसाफिरखान्याच्या आसपासचा केवढा तरी बाजार जगत असे : भाकरवाले, शिंपी, पेट्या विकणारे, दलाल. त्यांचा हंगाम बुडाला. जन्मभर पै पै साठविलेल्या म्हाताऱ्या माणसांचे काय झाले असेल, ते २०२० मध्ये आपल्यापैकी काही घरांना कळले. त्या वर्षीही हिंदुस्थानातून कोणी हजला जाऊ शकले नाही. ईदची नमाजही आपण घरीच पढलो.

सर्वांत कठीण प्रसंग ९ मार्च १८९८ चा. मुंबईच्या मदनपुऱ्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या जुलाहा म्हणजे विणकर बांधवांची वस्ती होती. तेथील एका बारा वर्षांच्या आजारी मुलीला तपासण्यासाठी पथक आले. घरच्यांनी नकार दिला, गल्ली जमली, दगडफेक झाली, गोळीबार झाला. माणसे मेली. पुढे गोदीतील मजुरांनी आणि गाडीवाल्यांनीही काम बंद ठेवले. विणकरांचे म्हणणे एवढेच होते की परक्या पुरुषाने आमच्या मुलीला हात लावू नये. त्या पथकात आधीपासून एखादी डॉक्टरीणबाई आणि जमातीतला एखादा विश्वासाचा माणूस असता तर? पुढे सरकारलाही असेच काहीसे सुचले. सक्ती हळूहळू उतरली आणि जमातींच्या पुढाऱ्यांना बरोबर घेऊन काम होऊ लागले. पारशी, भाटिया, जैन, खोजा, मेमन अशा जमातींनी आपापली इस्पितळे उघडली होतीच. तेथे मात्र लोक जात. खाट तीच, औषध तेच, पण उशाशी आपले माणूस.

लसीचेही तसेच झाले. ओडेसा येथे जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांत नाना वदंता. तेव्हा खोजा इस्माइली जमातीचे तरुण इमाम तिसरे आगाखान, वय अवघे विशीचे, यांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतले, एकदा नव्हे, अनेकदा. आपली खुशरू लॉज ही वास्तू त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिली. त्यांच्या जमातीतील हजारो माणसांनी मग लस घेतली. आणि पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता स्वतः आजारी पडल्या. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शिक्षकाच्या पेशातील माणसाला ही तारीख पाठ असावी, एवढेच म्हणतो.

खेड्यांचा मार्ग निराळा होता. उंदीर पडू लागले की गाव उठून माळावर जाई. शेतात झोपड्या, चुली उघड्यावर, गाव कुलूपबंद. कोणा साहेबाने त्यांना हे शिकविले नव्हते. उंदराच्या अंगावरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत १८९८ साली दाखविले, आणि तेही पुष्कळ वर्षे कोणी मानले नाही. शहरात पथके पाणी ओतून उंदरांना शेजारच्या घरात पळवीत होती, तेव्हा शेतकरी उंदरांना घर सोडून देऊन स्वतः दूर जात होता.

आमच्या दादीचे आजोबा मुंबईत शिवणकाम करीत. आगबोटीने खाडीपर्यंत आले, पण गावात त्यांना घेतले नाही. गावाबाहेरच्या खळ्यावर त्यांनी मोजून पंधरा दिवस काढले. बहीण रोज एका दगडावर भाकरी-कालवण ठेवून लांब उभी राहायची, आणि हे जेवले की दुरूनच भांडे सरकवायचे. जवळ सामान म्हणजे कातर आणि गज. त्या पंधरा दिवसांत त्यांनी खळ्यावरच निम्म्या गावाचे कपडे शिवले, असे दादी सांगे. शिवलेले कपडे उन्हात दोन दिवस वाळवून मगच लोक नेत. मुंबईच्या गिऱ्हाइकांकडे राहिलेली उधारी मात्र बुडाली. कोणी गेले होते, कोणी मेले होते.

१८९८ साली मुंबईत शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून हवेशीर रस्ते काढण्यात आले. आजचा मोहम्मद अली रोड त्यांतलाच. मात्र ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्यांतील पुष्कळजण आणखी दाट चाळींत जाऊन राहिले. १९०१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ७ लाख ७६ हजार भरली, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी.

२०२० मध्ये उलटे झाले. तेव्हाच्या मजुराला आगबोट होती, रेल्वे होती. या वेळी २४ मार्चच्या रात्री घोषणा झाली तेव्हा प्रवासी गाड्या आधीच थांबल्या होत्या; मजुरांसाठी खास गाड्या सुटू लागल्या त्या १ मेपासून. मधले पाच आठवडे माणसे चालत राहिली. आमच्या गावात यंत्रमाग आहेत. त्यांचा खडखडाट थांबला तेव्हा पहिले काही दिवस कानात दडे बसल्यासारखे वाटे. मागवाला मजुरी नगावर घेतो. माग बंद, मजुरी बंद. मोहल्ल्यातील तरुणांनी रमजानमध्ये शिधा वाटला, दुकानदारांनी वह्या उघड्या ठेवल्या, शिंप्यांनी मास्क शिवले. यातले बरेच १८९७ सारखेच होते.

एक गोष्ट सारखी नव्हती. तेव्हा सातवीतल्या मुलांना मी फोनवरून शिकवीत होतो. एक मुलगा, नाव सांगत नाही, पहिले आठ दिवस तासाला येई, नंतर दिसेना. घरात फोन एक, तोही वडिलांचा, आणि वडील त्याच फोनवर काम शोधत. मग मुलगा हातगाडीवर कांदे-बटाटे विकू लागला. मी एकदा त्याच्याकडून बटाटे घेतले. तो लाजला, मीही लाजलो. "सर, शाळा सुटली... म्हणजे सुरू झाली की येतो," म्हणाला. शाळा सुरू झाली तेव्हा माग सुरू झालेले होते, आणि तो मागावर होता. मी दोनदा घरी गेलो. वडील म्हणाले, "सर, चार महिन्यांची उधारी आहे. ती फिटू द्या." तिसऱ्यांदा मी गेलो नाही. वर्षाअखेरीस हजेरीपटावरून त्याचे नाव कमी झाले. ती रेघ मीच मारली.

त्याची धाकटी बहीण यंदा आमच्याकडे आठवीत आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या अर्जावर पालक म्हणून सही करण्यास तोच आला होता. अर्ज पूर्ण वाचून मगच त्याने सही केली.