रामशास्त्री, जबलपूरचा खटला आणि नागरिक

न्यायनिष्ठुरतेची गोष्ट निघाली की मराठी माणसाच्या तोंडी पहिले नाव येते ते रामशास्त्री प्रभुण्यांचे. ही गोष्ट आपण शाळेत शिकलो आणि पुढे आपणच ती शिकवीत आलो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. चौकशीअंती दोष रघुनाथरावांवर येताच शास्त्रीबुवांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. गोष्ट येथे थांबते. वर्गातील मुलांचे डोळे चमकतात. आणि पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शास्त्रीबुवा निघून गेल्यावर पुण्याच्या लोकांनी काय केले? रघुनाथरावांना दूर सारले ते बारभाईंनी, आणि बारभाई म्हणजे मुत्सद्द्यांची जूट. रयतेचा कौल त्यात कोणी मागितला नव्हता. तो मागण्याची रीतच नव्हती. त्या काळी न्यायाधीशाला निर्भय होता येत होते, परंतु सामान्य माणसाला नागरिक होता येत नव्हते.

२६ जानेवारी १९५० पासून ही स्थिती पालटली. न्यायाधीश ज्या संविधानाच्या आधारे निर्णय देतो, ते लोकांनी स्वतःप्रत अर्पण केलेले आहे. त्यामुळे न्यायासनावरून निघालेला शब्द ज्या लोकांपर्यंत पोहोचतो, त्यांच्या हाती तो शब्द खरा करण्याचे किंवा खोटा पाडण्याचे साधनही असते. या साधनाची कसोटी ज्या खटल्यात लागली, तो इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना परिचित असलेल्या एका शहराच्या नावाने ओळखला जातो : अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल.

२५ जून १९७५ च्या रात्री अंतर्गत अशांततेचे कारण देऊन आणीबाणी जाहीर झाली. दोनच दिवसांनी, २७ जूनला, संविधानाच्या ३५९ व्या अनुच्छेदाखाली राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि १४, २१ व २२ या अनुच्छेदांतील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली. ‘मिसा’खाली देशभर धरपकड चालूच होती. स्थानबद्धांपैकी अनेकांनी उच्च न्यायालयांत बंदी-प्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले. बंगळूरच्या तुरुंगातून अर्ज करणाऱ्यांत आपले मधु दंडवते होते, ग्वाल्हेरचे अटलबिहारी वाजपेयी होते. ‘या माणसाला कोणत्या कायद्याने कोंडले ते सांगा,’ एवढेच विचारणारा हा अर्ज. सरकारचे म्हणणे असे की, आणीबाणी असेपर्यंत हा प्रश्न विचारताच येणार नाही. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी, त्यांत मध्य प्रदेश व मुंबई ही दोन्ही आली, हे म्हणणे मानले नाही.

या न्यायालयांचा निर्णय केवळ धाडसाचा नव्हता. त्याला पूर्वाधार होता. चीनच्या आक्रमणानंतरच्या आणीबाणीत, १९६३ साली, मखनसिंग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले होते की असा आदेश असतानाही, स्थानबद्धता मूळ कायद्याला धरून नसेल किंवा दुष्ट हेतूने केलेली असेल, तर तिला आव्हान देता येते. तो निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर साताऱ्याचे. रामशास्त्र्यांचे माहुली साताऱ्याच्या अगदी शेजारी! योगायोगाला यापेक्षा अधिक अर्थ देऊ नये; पण मन तिकडे गेल्यावाचून राहत नाही.

सर्वोच्च न्यायालयात सरकारचे अपील पाच न्यायमूर्तींपुढे चालले. स्थानबद्धांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत शांतिभूषण होते, वि. म. तारकुंडे होते. सुनावणीतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने निव्वळ वैयक्तिक वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला, तर त्यालाही न्यायालयात दाद नाही काय? डे यांनी उत्तर दिले की, आणीबाणी असेपर्यंत नाही. ते उत्तर प्रामाणिक होते, त्यांच्या युक्तिवादाशी सुसंगतही होते. आणि त्यातच त्या युक्तिवादाचे खरे स्वरूप उघडे पडले होते. तरीही २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी तो मान्य केला : सरन्यायाधीश अजितनाथ राय, मि. ह. बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि प्र. न. भगवती.

या चौघांना केवळ भित्रे ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते इतिहासलेखन होणार नाही. युद्धकाळात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४१ साली सरकारच्या स्थानबद्धतेच्या अधिकारापुढे असाच हात टेकला होता, आणि तेथेही लॉर्ड ॲटकिन एकटेच विरुद्ध उभे राहिले होते. संकटकाळी शासनावर विश्वास ठेवावा, ही न्यायासनाची जुनी सवय आहे. चंद्रचूड हे पुण्याचे, नूतन मराठी विद्यालयाचे विद्यार्थी. त्यांची विद्वत्ता वादातीत. इतक्या विद्वत्तेलाही शासन आपल्या अधिकाराचा दुरुपयोग करणार नाही अशी आशा पुरेशी वाटावी, ही गोष्ट मला त्या निकालातील सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. मखनसिंगने उघडी ठेवलेली फट या बहुमताने बुजविली.

खन्नांचे मत वेगळे पडले. जीविताचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने निर्माण केलेला नाही. तो अनुच्छेद स्थगित झाला तरी कायद्याच्या आधारावाचून कोणाचा जीव वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार शासनाला मिळत नाही, असे त्यांनी लिहिले. या मताची किंमत सरन्यायाधीशपद असेल, हे त्यांनी निकालापूर्वीच आपल्या बहिणीला सांगितल्याचे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांची नेमणूक झाली, आणि खन्नांनी राजीनामा दिला. येथवर गोष्ट रामशास्त्र्यांचीच.

पण या वेळी न्यायालयाबाहेर माणसे उभी होती. मुंबईच्या वकिलांनी नागरी स्वातंत्र्यावर चर्चा करण्यासाठी ठरविलेली सभा पोलीस आयुक्तांनी १९७५ मध्ये अडविली, तेव्हा ते उच्च न्यायालयात गेले आणि तो हुकूम रद्द करवून आले. ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातील मजकुरावर अभ्यवेक्षकाने फुली मारली, तेव्हा मिनू मसानी भांडले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये जिंकले. हे विजय लहान होते. परंतु कोणी अर्ज केला म्हणूनच न्यायाधीशांना निर्णय देता आला, हे ध्यानी घ्यावयास हवे. न्यायमूर्ती स्वतः होऊन कोणाच्या दारी जात नाही.

आपल्या साहित्यक्षेत्रातील एक उदाहरण या संदर्भात सांगितलेच पाहिजे. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत होत्या; स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. मंत्री व्यासपीठावर असताना दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्यावरील बंधनांचा निषेध केला आणि आजारी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी श्रोत्यांना प्रार्थना करावयास सांगितले. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. त्यांच्या हाती ना न्यायासन होते, ना पद. होते ते एका वर्षापुरते साहित्यसंस्थेने दिलेले व्यासपीठ. अशा प्रसंगी साहित्यसंस्थांनी काय करावे, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आहेत. माझ्यापुरता तो वाद कऱ्हाडला संपला.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी ते सरकार घालविले. निकालाला तेव्हा अकरा महिने झाले होते. नव्या संसदेने १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने २० व २१ हे अनुच्छेद आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरविले, आणि ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून तेथे ‘सशस्त्र उठाव’ घातले. खन्नांनी आपल्या निर्णयात अमेरिकेचे न्यायमूर्ती ह्यूज यांचा आधार घेऊन म्हटले होते की, भिन्नमत हे भविष्यातील सुबुद्धीकडे केलेले अपील असते. ते अपील पहिल्यांदा ऐकले ते न्यायालयाने नव्हे, मतदान केंद्रापुढे रांग लावणाऱ्यांनी. त्यांतील बहुतेकांना खन्नांचे नावही ठाऊक नसेल.

न्यायालयाला वेळ लागला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निर्णय चुकीचा ठरवून रद्दबातल केला. तो भाग लिहिला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. चौघांपैकी एक त्यांचे वडील होते. संसदेने दुरुस्ती करून त्या वेळी एकोणचाळीस वर्षे होत आली होती.