लेखकु, संज्ञापन आणि खानदेश : माध्यमाभ्यासाच्या एका पूर्वपीठिकेविषयी

पदव्युत्तर पातळीवर शिकविल्या जाणाऱ्या 'कम्युनिकेशन' या विषयाला मराठीत अद्याप एकच एक नाव मिळालेले नाही, ही केवळ परिभाषेची गैरसोय नव्हे. पुण्यात तो 'संज्ञापन' या नावाने वावरला, मराठवाड्यात आणि खानदेशात 'जनसंवाद' हे रूप अधिक रुळले, हिंदीच्या शेजाराने 'जनसंचार' कानी पडू लागला, आणि साहित्यसमीक्षेने आपल्यापुरता 'संप्रेषण' हा शब्द राखून ठेवला. 'संज्ञापना'त कळविणारा प्रधान आहे, 'संप्रेषणा'त धाडणारा, तर 'संवादा'त परस्परांशी बोलणारे दोघे. बोलणाऱ्याचे बोल ऐकून ते लिहून घेणारा जो तिसरा, त्याला मात्र यांपैकी एकाही शब्दात जागा नाही. जुन्या मराठीत हा तिसरा अनामिक नव्हता. त्याला 'लेखकु' म्हणत. 'लेखक' म्हणजे कर्ता हा अर्थ रूढ होत गेला तसतसा लिहून घेणारा दृष्टीआड झाला. खानदेशाच्या वाङ्मयीन इतिहासाकडे माध्यमाभ्यासाच्या अंगाने पाहू लागताच नेमका हाच लेखकु सामोरा येतो. प्रस्तुत विवेचनाचा रोख त्याच्याकडे आहे.

प्रथम या विद्याशाखेची वंशावळ थोडक्यात पाहू. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात 1952 साली रोलंड वूल्सले या अमेरिकन प्राध्यापकाच्या पुढाकाराने वृत्तपत्रविद्येचे अध्यापन सुरू झाले. पुणे विद्यापीठात ते 1964 पासून रुजले. प्रारंभी हे शिक्षण व्यवसायाचे होते. सैद्धान्तिक बैठक आली ती बाहेरून : कोण, काय, कोणत्या मार्गाने, कोणास आणि कोणत्या परिणामाने सांगतो, हे लासवेलचे 1948 मधील सूत्र आणि माध्यमे व राष्ट्रीय विकास यांची सांगड घालणारा विल्बर श्रॅमचा 1964 मधील ग्रंथ. युनेस्कोच्या साह्याने पुणे आकाशवाणीने 1956 साली शेतकरी श्रोतृमंडळांचा जो प्रयोग केला, तो याच विचारव्यूहातला. तो नाशिक जिल्ह्यापर्यंत आला, खानदेशात पोचला नाही. जळगावला आकाशवाणी केंद्र मिळाले ते 1976 मध्ये, आणि जळगाव-धुळ्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ 1990 मध्ये. अशा कालक्रमाने पाहिले तर खानदेश हा माध्यमांच्या इतिहासात उशिरा दाखल झालेला प्रदेश ठरतो. हा निष्कर्ष मला मान्य होण्यासारखा नाही, कारण यंत्राच्या आगमनालाच माध्यमाचा आरंभ मानण्याची चूक त्यात आहे.

1932 सालच्या धुळे कारागृहाचे उदाहरण घेऊ. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळातील अठरा रविवारी विनोबांनी तेथे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. समोर राजकीय कैदी होते, जमनालाल बजाजांसारखे श्रोते होते, आणि भराभर लिहून घेणारे साने गुरुजी होते. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपण विनोबांचा म्हणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील वाक्यांची ठेवण, दृष्टान्तांची लय, वक्त्याचे मध्येच श्रोत्यांकडे वळणे, हे सारे एका कानातून आणि एका हातातून आलेले आहे. तेथे ध्वनिमुद्रण नव्हते. लासवेलच्या सूत्रात 'कोणत्या मार्गाने' या प्रश्नाचे उत्तर एरवी एखादे साधन असते. येथे ते उत्तर एक माणूस आहे, आणि तो माणूस स्वतः शिक्षक, संपादक व भाविक आहे. तो निव्वळ वाहिनी राहील हे संभवत नाही.

याचा पुढचा धागा मला अधिक मोलाचा वाटतो. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी 1933 मध्ये, नाशिकच्या कारागृहात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. 1935 साली प्रकाशित झालेल्या या कथेची मांडणी प्रकरणांची नाही, रात्रींची आहे : श्याम रोज रात्री आश्रमातील मित्रांना सांगतो आणि ते ऐकतात. या घाटाचा उलगडा आपली समीक्षा सहसा लेखकाच्या भावनाशीलतेतून करते. अठरा रविवार दुसऱ्याचे बोलणे लिहून घेणारा लेखणीधर वर्षभरातच स्वतःच्या कथेसाठी बोलणारा, ऐकणारे आणि बैठकींचा क्रम यांचीच योजना करतो, यामागे लेखकुपणाचा संस्कार असावा, असे अनुमान मी करतो. ते अनुमानच आहे. मात्र भावनाशीलतेच्या उपपत्तीपेक्षा ते मजकुराच्या रचनेला अधिक धरून आहे. अमळनेरच्या शाळेत 'विद्यार्थी' मासिक चालविणारा आणि 1938 मध्ये तेथूनच 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढणारा हा माणूस कादंबरीकार म्हणून मराठी विभागाकडे आणि पत्रकार म्हणून जनसंवाद विभागाकडे असा वाटला गेला आहे. लेखकु म्हणून तो कोणाच्याच वाट्याला आलेला नाही.

धुळ्याला या व्यवहाराची जाण पूर्वीपासून होती, असे म्हणण्यास आधार आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थवाङ्मयाची हस्तलिखिते येथे जमविली, आणि दासबोध छापताना कल्याणस्वामींच्या हातच्या डोमगावच्या प्रतीला प्रमाण मानले. सांगणाऱ्याचा अधिकार लिहून घेणाऱ्याच्या हस्ताक्षरावरून सिद्ध करण्याची ही पद्धत आहे. पाठचिकित्सा म्हणून आपण ती शिकवितो. माध्यमविचार म्हणून तिच्याकडे पाहत नाही.

बहिणाबाईंच्या बाबतीत प्रश्न आणखी बिकट होतो. आसोद्याला 1880 साली जन्मलेल्या आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या या कवयित्रीची गाणी घरातल्यांनी टिपून ठेवली. 1951 साली तिचे निधन झाल्यावर सोपानदेवांच्या खटपटीने आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती 1952 मध्ये ग्रंथरूपाने आली. (नागपुरात वृत्तपत्रविद्येचा वर्ग भरला ते वर्षही हेच. योगायोग खरा, पण नोंदवून ठेवावा असा.) सोपानदेव स्वतः कवी होते, प्रमाण मराठीत लिहिणारे. लेवा बोलीत 'ळ'च्या जागी येणारा 'य' लिहायचा की सुधारून घ्यायचा, जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबणारी ओळ कोठे तोडायची, असे निर्णय कोणीतरी घेतलेच असणार. 'डोळा'ऐवजी 'डोया' छापला गेला, यात त्या बोलीचा सन्मान आहे. पण गळा, श्वास आणि जाते कागदावर उतरले नाहीत. छापील पानावरची बहिणाबाई ही लेखकुने घडविलेली बहिणाबाई आहे, असे म्हटल्याने तिचे कर्तृत्व कमी होत नाही. ते कोणत्या मार्गाने आपल्यापर्यंत आले, एवढेच स्पष्ट होते.

वॉल्टर ऑन्गचा मौखिकता व साक्षरता यांविषयीचा 1982 मधील ग्रंथ आपल्याकडे पुष्कळ आधाराला घेतला जातो. मौखिक आणि लिखित अशा दोन मनोरचनांची कल्पना उपयुक्त आहेच. तथापि खानदेशातील ही उदाहरणे त्या दोहोंच्या सीमेवर एका तिसऱ्याच्या हाताने घडलेली आहेत, आणि तो हात कोणाचा, कोणत्या जातीचा, स्त्रीचा की पुरुषाचा, कोणत्या शिक्षणातून आलेला, हे विचारल्यावाचून ऑन्गची विभागणी येथे पुरी पडत नाही. सांगणारी निरक्षर आई आणि लिहिणारा शिकलेला मुलगा, यांतील अंतर सत्तेचेही आहे. अहिराणी किंवा लेवा बोली घरी बोलणारा विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात येतो, 'दर्पण'पासून म्हणजे 1832 पासून सुरू होणारा वृत्तपत्रांचा इतिहास आणि अमेरिकन प्रतिमाने शिकतो, व आपल्या घरचे बोलणे ही माध्यमपूर्व अवस्था होती अशी समजूत घेऊन बाहेर पडतो. ज्या विद्यापीठाला 2018 साली बहिणाबाईंचे नाव दिले गेले, तेथे तरी ही समजूत तपासली जावी.

ही तपासणी निव्वळ भूतकाळाची नाही. अहिराणी गाणी आज भ्रमणध्वनीवर चित्रफितींच्या रूपात अमाप ऐकली जातात, आणि लेखकु अनावश्यक झाला असे वरकरणी वाटते. परंतु ध्वनिमुद्रण करणारा, काटछाट करणारा, पडद्यावर बोल देवनागरीत उमटविणारा कोणीतरी तेथेही असतो. 'ळ' की 'य' हा निर्णय आता तो घेतो. त्याच्या निर्णयांची नोंद ठेवण्याचे काम मराठी विभागाचे की जनसंवाद विभागाचे, यावर दोन्हीकडच्या अभ्यासमंडळांनी एकत्र बसावयास हवे.