भिसे यांची चाळीस पेटंटे

शंकर आबाजी भिसे हे नाव मराठी माणूस उच्चारतो ते बहुधा एका आकड्यासह : सुमारे दोनशे शोध, चाळीस पेटंटे. मागोमाग ‘भारताचे एडिसन’ ही उपाधी येतेच. पनवेलला अध्यापन करताना आम्ही हा आकडा विद्यार्थ्यांच्या भाषणांतून इतक्यांदा ऐकला आहे, की त्याच्या आड काय झाकले गेले हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भिसे यांचा जन्म १८६७ चा, मुंबईतला. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची त्यांची कल्पना लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत सरस ठरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दिनशा वाच्छांचे शिफारसपत्र घेऊन, ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे पोचले. तिथे त्यांनी सिद्ध केलेले सर्वांत महत्त्वाकांक्षी यंत्र म्हणजे ‘भिसोटाइप’. छपाईचे खिळे झपाट्याने व स्वस्तात ओतून देणारे हे यंत्र त्या काळचे अगदी पुढचे तंत्रज्ञान होते.

पेटंट होते, यंत्र मात्र बाजारात चालेना. याचे कारण पेटंटाच्या स्वरूपातच आहे. पेटंट हा करण्याचा हक्क नव्हे, इतरांना करू न देण्याचा हक्क आहे. यंत्र घडवायला कारखाना लागतो, विकायला पेढी लागते, नक्कल रोखायला वकील लागतो. यांपैकी काहीच कायदा देत नाही. दादाभाईंनी पदरमोड केली. समाजवादी पुढारी हाइंडमन यांनी भांडवल उभारण्याचे मनावर घेतले, पण ते जमले नाही. १९०८ च्या अखेरीस भिसे मायदेशी निघाले. बोटीवर गोखल्यांची गाठ पडली, त्यांच्यामार्फत रतन टाटांचे साहाय्य मिळाले, पुन्हा लंडन झाले. तरीही लायनोटाइप-मोनोटाइपची सद्दी भिसोटाइपला मोडता आली नाही. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये निवर्तले.

अर्थात, पेटंट नसते तर भांडवलदारापुढे ठेवायला भिसे यांच्यापाशी काहीच नसते, हेही खरे. आमचा आक्षेप पेटंटावर नाही. एकाकी संशोधकाची ती ढाल आहे या समजुतीवर आहे. ढाल पेलायलाही बळ लागते. आज मोबाइल फोनसारख्या एकाच वस्तूत हजारो पेटंटे गुंतलेली असतात आणि मोठ्या कंपन्या ती दारूगोळ्यासारखी साठवतात. एका टिचकीत खरेदी करण्याच्या पद्धतीवर अमेरिकेने १९९९ साली अ‍ॅमेझॉनला पेटंट दिले, तेव्हा ‘शोध’ या शब्दाचा अर्थ किती पातळ झाला हे जगाने पाहिले.

आपल्याकडे ही जाण नव्हती असे नाही. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने, भारतातली बहुसंख्य पेटंटे परकीयांच्या हाती असल्याचे दाखवून दिले. १९७० चा कायदा त्यातूनच घडला. २००२ च्या दुरुस्तीने निव्वळ संगणक-प्रणाली पेटंटाच्या कक्षेबाहेर ठेवली. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने तिला चोरवाट काढून दिली होती. २००५ साली संसदेने ती बुजवली.

असे असताना आमच्याच क्षेत्रात आज काय चालले आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय पेटंटाला दहा, भारतीय पेटंटाला सात गुण आहेत. गुण आले की मोजदाद आली, आणि मोजदाद आली की मोजण्याजोग्या वस्तू तयार होऊ लागतात. अर्ज दाखल झाल्यावर साधारण अठरा महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो; तोवर त्याची छाननी झालेली असतेच असे नाही. तरी ‘पेटंट प्रसिद्ध झाले’ म्हणून अभिनंदनाचे फलक लागतात. प्रसिद्ध होणे व मंजूर होणे यांतला भेद कोणी विचारत नाही. मंजूर झालेले पेटंटही वार्षिक शुल्क न भरल्यास लोपते, हे तर दूरच.

भिसे यांच्यापाशी शोध होते आणि भांडवल नव्हते. आमच्यापाशी प्रमाणपत्रे आहेत; शोध आहेत का, हे आम्हीच स्वतःला विचारायला हवे. पुढच्या वक्तृत्वस्पर्धेत विद्यार्थ्याने चाळीस हा आकडा अवश्य सांगावा. फक्त १९०८ साली मुंबईकडे निघालेल्या त्या बोटीचाही उल्लेख करावा, एवढीच विनंती.