लोखंडी रंधा

आमच्या गावात लोखंडी रंधा १९७४ साली आला. तोवर सुतारआप्पांकडे लाकडी रंधा होता, त्यांच्या वडलांनी शिसवीतून कोरलेला. त्याचं पातं पाचरीनं बसवायचं, कमीजास्त करायचं तर हातोडीनं हळू ठोकायचं. नव्याला मागं स्क्रू. तो फिरवला की पातं केसाएवढं पुढं नाहीतर मागं.

आप्पांनी पातं दगडावर घासलं, हातावरचे केस काढून धार बघितली आणि दारातली लाकडं एकेक करून पुढं ओढली. आम्ही पोरं बघायला होतोच. पहिली सागाची फळी, एका पडक्या वाड्याच्या दाराची. तिच्यावर रंधा असा सरकला की कागदासारखी लांब सालपटं वर आली. पण साग पात्याची धार खातो, त्यात बारीक रेतीगत काहीतरी असतं. पुन्हा दगड घ्यावा लागला. आंबा मऊ, तरी रेषा उलटसुलट. जरा घाई केली की कुसळं उभी राहायची. आप्पांनी पातं मागं घेतलं, रंधा तिरका धरला, तेव्हा कुठं फळी ऐकायला लागली. शेवटी बाभूळ. गाडीच्या आऱ्यासाठी ठेवलेला वाळका तुकडा. रंधा खडखडला, गाठीवर आला की उडी मारायचा. आप्पा म्हणाले, "याला वाकसच पायजे. ह्यो रंधा बाभळीचा न्हाई."

आता बाभूळ म्हणजेच गावगाडा. बांधावरची बाभूळ तोडायची, कीड लागू नये म्हणून ओंडका पाण्यात बुडवून ठेवायचा, मग त्यातून कुळव, पाभर, जू, गाडीची चाकं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, त्यातल्या बलुतेदारांत सुतार थोरल्या ओळीचा. वर्षभर औतं नीट ठेवायची आणि खळ्यावर पेंढ्या नि धान्य न्यायचं. या कामात रंध्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. रुमणं तर माणसाच्या तळव्यानंच गुळगुळीत होतं.

नांगर सुताराच्या हातातून आधीच निसटला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर काढला. लोखंडानं जमिनीला विष चढतं, असं म्हणणारे शेतकरी पुढं तोच नांगर हाकू लागले. तरी कुळव, पाभर, गाडी सुताराकडंच होती.

ट्रॅक्टरनं सुतार घालवला असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्यात ट्रॅक्टर पुष्कळ नंतर आला. त्याआधी १९७२ चा दुष्काळ पडला. दावणीचे बैल गेले, खळं झालंच नाही, मग बलुतं कशातून देणार? आप्पांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. त्याच मजुरीतून पैसे बाजूला टाकून त्यांनी हा रंधा आणला होता. तालुक्याला घरं उठत होती, चौकटी आणि कपाटं सागाची लागत होती. तिथं रोख मिळायची. थोरला मुलगा रंधा घेऊन तालुक्याला गेला, मागून धाकटाही.

आप्पा मात्र गावातच राहिले. आमची शेवटची लाकडी पाभर त्यांनी १९८१ साली घडवली, वाकसानंच. वडलांनी त्यांच्या हातावर नोटा ठेवल्या, त्यांनी त्या न मोजता बंडीच्या खिशात घातल्या. आई आतून सूप भरून जोंधळे घेऊन आली. आप्पांनी उपरण्याचा पदर पसरला.