स्थिरविद्युत हेडफोनचे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर : रचना आणि विद्युतदाबाच्या मर्यादा

स्थिरविद्युत हेडफोनमध्ये चुंबक नसतो, तारेचे वेटोळेही नसते. धातूचे दोन सच्छिद्र पत्रे समोरासमोर बसवलेले असतात आणि त्यांच्या बरोबर मध्ये प्लास्टिकचे एक पटल ताणलेले असते. या पटलाची जाडी एक-दोन मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा अगदी लहानसा अंश. पटलावर विजेचा स्थिर भार ठेवलेला असतो. दोन पत्र्यांना संगीताचा संदेश परस्परविरुद्ध दिशेने दिला की एक पत्रा पटलाला ओढतो, दुसरा ढकलतो, आणि पटल हवा हलवते. वजन जवळपास नसल्यामुळे ते संदेशामागोमाग विलक्षण चपळाईने धावते. सतारीच्या तारेवरचा मिजराबाचा आघात किंवा तबल्याच्या चाटेची कड या हेडफोनमध्ये जशी स्वच्छ ऐकू येते, तशी इतरत्र क्वचितच येते, असे याच्या चाहत्यांचे म्हणणे असते, आणि ते निराधार नाही.

या चपळाईची किंमत ॲम्प्लिफायरला मोजावी लागते. साध्या हेडफोनला मोठ्या आवाजासाठी एखादा व्होल्ट पुरतो. स्थिरविद्युत हेडफोनला शेकडो व्होल्ट लागतात. जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह, म्हणजेच निर्वात नलिका, आजही या एका क्षेत्रात केवळ हौसेपोटी टिकून आहेत असे म्हणता येत नाही. शेकडो व्होल्टवर काम करणे हा त्यांचा स्वभावच आहे. ट्रान्झिस्टरला हा दाब सोसण्यासाठी खास घडवावे लागते.

तीन निरनिराळे दाब

या विषयावर बोलताना ‘व्होल्टेज’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. पहिला दाब पटलावरचा, ज्याला बायस म्हणतात. तो स्थिर असतो, संगीताबरोबर बदलत नाही. दुसरा दाब संदेशाचा. तो दोन पत्र्यांच्या दरम्यान मोजला जातो आणि आवाज लहान-मोठा होतो तो याच्यामुळे. तिसरा दाब ॲम्प्लिफायरच्या पोटातल्या पुरवठ्याचा. संदेश कितपत झोका घेऊ शकेल हे त्यावर ठरते. एखाद्या हेडफोनवर ५८० व्होल्ट असा आकडा छापलेला असला, तर तो बायसचा आहे. ॲम्प्लिफायरने ५८० व्होल्टचा संदेश द्यावा, असा त्याचा अर्थ नाही.

जपानच्या स्टॅक्स या कंपनीने १९६० मध्ये एसआर-१ हा पहिला स्थिरविद्युत हेडफोन विक्रीस आणला. कंपनी त्याला हेडफोन न म्हणता ‘इयरस्पीकर’ म्हणते आणि ॲम्प्लिफायरला ‘ड्रायव्हर युनिट’. सुरुवातीच्या काळात या कंपनीचा बायस २३० व्होल्ट होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी तो ५८० वर नेण्यात आला आणि त्याला ‘प्रो’ हे नाव मिळाले. अमेरिकेच्या कॉस कंपनीचा ईएसपी ९५० हा हेडफोन ६०० व्होल्टवर चालतो. जर्मनीच्या सेनहायझरने १९९१ मध्ये सुमारे ३०० संच इतक्याच मर्यादित संख्येने काढलेल्या ‘ऑर्फियस’चा बायस ५०० व्होल्ट आहे.

बायस वाढवला की त्याच संदेशात आवाज वाढतो. मग तो हजारावर का नेत नाहीत? कारण पटल ज्या ओढीने हलते, तीच ओढ त्याला गिळायलाही बसलेली असते. पटल मधल्या जागेवरून जरासे सरकले की जवळच्या पत्र्याची ओढ वाढते. पटलाचा ताण त्याला मागे खेचतो, पण बायस एका मर्यादेपलीकडे गेला की ताण हरतो आणि पटल पत्र्याला चिकटते. ताण वाढवून यावर मात करता येते, मात्र मग खालचे सूर, म्हणजे खर्ज, उणावतात. प्रो मापाच्या हेडफोनमध्ये पटल आणि पत्रा यांतले अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असते, जुन्या २३० व्होल्टच्या हेडफोनमध्ये त्याहून कमी. म्हणूनच जुना हेडफोन जोडणी बदलून ५८० व्होल्टवर चालवण्याचा मोह धोक्याचा आहे. दोन्हींच्या पिना मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत : जुन्याला सहा, प्रोला पाच. प्रोची पाच पिनांची जोडणी सहा भोकांच्या जुन्या सॉकेटमध्ये बसते, आवाज तेवढा हळू येतो. उलट दिशेने मधली पिन आडवी येते. ती पिन कापून काढणारे हौशी लोक एक मोलाची सुरक्षा कापत असतात.

हवेची स्वतःचीही मर्यादा आहे. मोठ्या अंतरात कोरडी हवा ढोबळमानाने दर मिलिमीटरला तीन हजार व्होल्टपर्यंत तग धरते. दोन पत्र्यांत ३४० व्होल्टचा संदेश असेल तर त्याचे शिखर सुमारे ४८० व्होल्ट होते. ते दोन पत्र्यांत निम्मे-निम्मे वाटले जाते, म्हणजे प्रत्येकी २४०. त्यात ५८० चा बायस मिळवला की अर्ध्या मिलिमीटरच्या फटीवर ८२० व्होल्ट येतात. हिशेब मर्यादेच्या बराच आत आहे. पण हा हिशेब स्वच्छ, कोरड्या आणि स्थिर फटीचा झाला. फटीत धुळीचा एक कण, एखादे बारीक केसर किंवा बाष्प शिरले की भार गळू लागतो, एका कानाचा आवाज उतरतो किंवा बारीक किरकिर येते. कोकण-गोव्यातल्या पावसाळ्यात असा हेडफोन वापरून झाल्यावर झाकून, कोरड्या जागी ठेवणे ही त्याची निम्मी देखभाल होय.

व्हॉल्व्हची निवड

अशा ॲम्प्लिफायरची मूळ रचना फारशी गुंतागुंतीची नाही. आलेला संदेश पहिल्या टप्प्यात दोन उलट प्रतींमध्ये विभागला जातो. शेवटच्या टप्प्यातले दोन व्हॉल्व्ह त्या प्रती मोठ्या करून एकेका पत्र्याला देतात. लाउडस्पीकरच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये शेवटी एक जड ट्रान्सफॉर्मर लागतो. इथे तो लागत नाही, कारण हेडफोनला विद्युतधारा जवळजवळ नको असते, हवा असतो फक्त दाब. व्हॉल्व्हचे धनाग्र थेट पत्र्याला जोडता येते. त्यासाठी पुरवठा अधिक आणि उणे अशा दोन भागांत विभागतात, म्हणजे शांत अवस्थेत धनाग्र शून्य व्होल्टवर राहते. दुसरा मार्ग एकच मोठा पुरवठा ठेवून मध्ये कपॅसिटर घालण्याचा. तो सोपा आहे, पण त्या कपॅसिटरचा दर्जा मग ध्वनीचा दर्जा ठरवू लागतो, आणि तो फुटला तर काय होईल याचाही विचार करावा लागतो.

स्टॅक्सने बराच काळ ६एफक्यू७ हा व्हॉल्व्ह वापरला, ज्याचे दुसरे नाव ६सीजी७. हे ६एसएन७ या जुन्या व्हॉल्व्हचे नऊ पिनांचे लहान रूप आहे. गंमत अशी की या कुळाला दाब सोसण्याची ताकद दूरचित्रवाणीने दिली. पडद्यावरचा किरण वर-खाली फिरवण्यासाठी जास्त दाबाचे व्हॉल्व्ह हवे होते. ६एसएन७ च्या मूळ जीटी आवृत्तीला धनाग्रावर ३०० व्होल्टची मर्यादा होती, नंतरच्या जीटीबी आवृत्तीला ४५०. ६एफक्यू७ ची मर्यादा ३३० व्होल्ट आणि एका धनाग्रावर चार वॅट उष्णता. हौशी मंडळी अनेकदा आवडीने ई८८सीसी बसवू पाहतात. हा व्हॉल्व्ह शांत आणि गोड खरा, पण त्याची मर्यादा २२० व्होल्ट. त्याचाच साधा भाऊ ईसीसी८८ तर १३० व्होल्टवर थांबतो. हे पहिल्या टप्प्यात शोभतात. शेवटच्या टप्प्यात घालायचे तर दाब वाटून घेणारा दुसरा घटक सोबत लागतो.

शांत अवस्थेत ऋणाग्र उणे ३०० व्होल्टच्या आसपास आणि धनाग्र शून्यावर असेल, तर ६एफक्यू७ आपल्या मर्यादेच्या उंबरठ्यावरच उभा असतो. म्हणूनच मोठ्या झोक्यासाठी काही रचनाकारांनी ईएल३४ हा सामर्थ्यवान व्हॉल्व्ह निवडला. त्याची मर्यादा ८०० व्होल्ट आणि २५ वॅट. केव्हिन गिलमोर यांच्या ‘ब्लू हवाई’ या प्रसिद्ध रचनेत शेवटच्या टप्प्यात असे चार व्हॉल्व्ह आहेत. ४०० व्होल्टवर २० मिलिअँपिअर वाहिले तरी एका व्हॉल्व्हवर आठ वॅट होतात, क्षमतेच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. व्हॉल्व्ह असा आरामात ठेवला की वर्षानुवर्षे टिकतो.

एक मर्यादा मात्र बहुधा विसरली जाते. ऋणाग्राला तापवणारा तंतू आणि ऋणाग्र यांच्यातले आवरणही दाबाला बांधलेले असते. ईएल३४ मध्ये ही मर्यादा १०० व्होल्ट आहे. ऋणाग्र उणे ४०० वर आणि तंतू जमिनीशी जोडलेला, अशी जोडणी केली तर ते आवरण आज ना उद्या फाटणारच. म्हणून तंतूसाठी ट्रान्सफॉर्मरवर स्वतंत्र वेटोळे घेतात आणि ते उणे पुरवठ्याला बांधतात. पहिला आणि शेवटचा टप्पा वेगळ्या पातळीवर असेल तर वेटोळीही वेगळी. घरी बांधलेल्या संचांत कुरकुर आणि गुणगुण येते तेव्हा आधी ही जोडणी तपासावी.

दाब पुरेसा, धारा अपुरी

जास्त व्होल्ट म्हणजे जास्त चांगला ॲम्प्लिफायर, ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. स्टॅक्सच्या एसआर-००७ या हेडफोनची संवेदनक्षमता १०० व्होल्टला १०० डेसिबल अशी दिली जाते. ३४० व्होल्ट देणारा त्याच कंपनीचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर त्याला सुमारे ११० डेसिबलपर्यंत नेतो, जे कानाला सोसवणार नाही इतके आहे. ४५० व्होल्ट देणारा ट्रान्झिस्टरचा संच घेतला तर वाढ होते अवघी अडीच डेसिबलची. आवाज सहा डेसिबलने वाढवायचा तर दाब दुप्पट लागतो.

खरी कसोटी वरच्या सुरांना लागते. वीजशास्त्राच्या दृष्टीने हेडफोन म्हणजे सुमारे १०० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर, त्यात लांब तारेचा वाटाही आला. कपॅसिटर जितक्या वेगाने भरायचा-रिकामा करायचा, तितकी धारा जास्त. ११० पिकोफॅरडवर २० किलोहर्ट्झला ३०० व्होल्ट द्यायचे तर चार मिलिअँपिअरहून थोडी अधिक धारा लागते, शिखराला सहाच्या जवळपास. आता समजा, व्हॉल्व्हच्या वर ६६ किलोओहमचा रोध आहे आणि पुरवठा ३२० व्होल्ट. शांत अवस्थेत जेमतेम पाच मिलिअँपिअर वाहतात. धनाग्र २०० व्होल्ट वर गेले की रोधातून दोनही मिळत नाहीत. संगीतात इतक्या वरच्या सुरांत इतका जोर नसतो म्हणून हे संच चालतात, आणि चांगले चालतात. पण झांजांच्या किंवा तार सप्तकातल्या सनईच्या मोठ्या फुंकरीला जो किंचित कोरडेपणा ऐकू येतो, त्याचे कारण व्होल्टची टंचाई नसून धारेची असू शकते. रोधाच्या जागी स्थिर धारा देणारा घटक बसवला की तोच व्हॉल्व्ह, तोच पुरवठा अधिक मोकळा वाजतो. हा बदल व्हॉल्व्ह बदलण्यापेक्षा कितीतरी अर्थपूर्ण आहे.

सेनहायझरने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या एचई १ मध्ये या अडचणीवर वेगळाच उपाय केला. व्हॉल्व्ह पायथ्याच्या संगमरवरी पेटीत ठेवले आणि उच्च दाबाचा शेवटचा ट्रान्झिस्टर टप्पा थेट कानाच्या वाटीत बसवला. तारेची धारिता हिशेबातूनच गेली.

घरातला वीजपुरवठा आणि सुरक्षा

जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे, आपल्याकडे २३० ची. तिकडून स्वस्तात आणलेला जुना संच इथल्या सॉकेटमध्ये सरळ लावला तर आतला पुरवठा दुपटीहून वर जातो आणि व्हॉल्व्ह, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर असे सगळेच जाते. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचल्याशिवाय असा संच सुरू करू नये. दाब उतरवणारा, पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर मध्ये घालणे आवश्यक आहे. जिथे वीज वर-खाली होते तिथे पुरवठा नियंत्रित आहे का, हेही पाहावे. अनियंत्रित पुरवठ्यात वीज दहा टक्के वाढली की ३०० व्होल्टचे ३३० होतात, आणि ६एफक्यू७ ची मर्यादा तिथेच संपते.

बायसचा दाब ऐकायला भीतिदायक असला तरी तो साधारण पाच मेगाओहमच्या रोधातून येतो. त्यामुळे ५८० व्होल्टला सुमारे ०.१२ मिलिअँपिअरपेक्षा जास्त धारा मिळत नाही. पत्र्यांना जाणाऱ्या तारांचे तसे नाही. त्यांच्यामागे पूर्ण पुरवठा उभा असतो, म्हणून सोललेली केबल किंवा तडकलेला प्लग असलेला हेडफोन दुरुस्तीविना वापरू नये. सर्वाधिक धोका पेटीच्या आत असतो. बटण बंद करून वायर काढल्यावरही पुरवठ्याच्या कपॅसिटरांत काही मिनिटे, कधी त्याहून जास्त काळ, प्राणघातक भार शिल्लक राहतो. व्हॉल्व्ह थंड झाले म्हणजे संच निर्जीव झाला असे नव्हे. जाणकार कारागीर आधी मीटरने दाब मोजतो, योग्य रोध लावून तो उतरवतो, पुन्हा मोजतो, आणि मगच आत हात घालतो, तोही एकच, दुसरा खिशात ठेवून.