अष्टागरातील वाडीवाल्या घराण्यांचा माग

सासवण्यापासून रेवदंड्यापर्यंतचा अलिबाग तालुक्याचा किनारा अष्टागर म्हणून ओळखला जातो. थळ, किहीम, आवास, वरसोली, अलिबाग, अक्षी, नागाव, चौल ही त्यातली नेहमी सांगितली जाणारी गावे. आठांची यादी मात्र गावागणिक थोडी बदलते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला भातखाचरे आणि मधे वाळूमिश्रित जमिनीचा अरुंद पट्टा, अशी इथली रचना आहे. या पट्ट्यात थोडे खणले की गोडे पाणी लागते, आणि त्या पाण्यावरच इथल्या वाड्या उभ्या राहिल्या. वरच्या थरात नारळ, त्याच्या सावलीत सुपारी, सुपारीच्या खोडावर चढवलेली पानवेल, खाली केळी, आणि ऊन पोहोचेल तिथे अळू, माठ, मुळा, पडवळ, शिराळी, दुधी असे एकाच वाडीत अनेक पिकांचे उत्पन्न निघे. पुढे सरकून भातखाचरात आले की भात कापल्यानंतर वाल आणि कांदा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच्या वेणीसारख्या विणलेल्या माळा त्याआधी कित्येक पिढ्या बाजारात जात होत्या.

या वाड्या कसणारे लोक कोण, आणि आजच्या एखाद्या कुटुंबाला आपला खापरपणजा त्यांपैकीच होता हे कसे कळावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. जुन्या सरकारी दप्तरांना जमीन आणि सारा यांच्याशी मतलब होता. भाजी कोणी लावली आणि कोणी विकली याच्याशी नव्हता. म्हणून माणसाच्या नावामागे धावणारा शोध बहुधा तिसऱ्या पिढीत अडखळतो. वाडीचे नाव, तिची विहीर आणि तिचा सर्व्हे नंबर धरून मागे गेलेला शोध पुष्कळ लांब जातो.

विहिरीला एवढे महत्त्व का, हे रहाट पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. डिझेलचे पंप येण्यापूर्वी वाडीचे शिंपणे रहाटावर चाले. विहिरीच्या तोंडावर उभे चाक, त्यावरून पाण्यात उतरणारी दोरांची माळ आणि माळेला ओळीने बांधलेली मडकी. शेजारच्या दात्यांच्या आडव्या चाकाला रेडा किंवा बैल जुंपायचा, डोळ्यांना झापडे लावायची आणि गोल फिरवायचा. मडकी भरून वर येत, पन्हळीत रिती होत, आणि पन्हळीतले पाणी पाटांनी झाडांच्या आळ्यांपर्यंत जाई. मडके फुटले की बदलायचे, दोर कुजला की नवा वळायचा, पाट फुटला की बुजवायचा. पावसाळा संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत हे काम चुकत नसे, त्यामुळे वाडीवाल्याला गाव सोडून फार दिवस राहता येत नसे. भाऊ वेगळे झाले की जमीन तुटे, विहीर मात्र सामाईक राही आणि पाण्याच्या पाळ्या ठरत. या पाळ्यांमुळे विहिरीतला चौथा किंवा आठवा हिस्सा असा उल्लेख सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात आजही सापडतो. चार आणे किंवा दोन आणे अशा जुन्या हिश्श्यांवरून मूळ पुरुषाला किती मुलगे होते याचा अंदाज बांधता येतो. वंशावळ हरवलेल्या घराला हा रकाना फार उपयोगी पडतो, आणि नेमका तोच वाचायचा राहून जातो.

वाडीचा माल मुंबईला जाई. मुंबई वाढली तशी तिची भाजी, नारळ, केळी, विड्याची पाने आणि फुले यांची भूक वाढली, आणि खाडीपलीकडच्या किनाऱ्याला दारातच गिऱ्हाईक मिळाले. मचवे आणि पडाव भरून माल मुंबई बंदरात उतरे. १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट सुरू झाल्यावर फळभाजीच्या घाऊक व्यापाराला तिथे ठिकाण मिळाले. पुढे रेवस ते भाऊचा धक्का ही आगबोटीची वाट रोजची झाली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत अलिबागच्या बाजूची, बाजारहाट किंवा नोकरी करून घरी परतणारी माणसे मोठ्या संख्येने होती. या तालुक्यातल्या घराण्याचा माग काढताना १९४७-४८ मध्ये अचानक लागलेली वारसनोंद दिसली, तर त्या तारखेशी ती ताडून पाहणे योग्य ठरते.

वाड्या कसणाऱ्यांत माळी आणि पाचकळशी म्हणजे वाडवळ हे बागायतीत मुरलेले समाज होतेच. शिवाय आगरी, भंडारी, कुणबी कुटुंबेही वाडीकाम करीत. भंडाऱ्यांचा नारळाशी माडीच्या धंद्यामुळे वेगळाच संबंध होता. दक्षिणेकडे श्रीवर्धन आणि दिवेआगर इथल्या सुपारीच्या वाड्या बऱ्याच अंशी ब्राह्मण मालकांच्या असत, आणि शिंपणे, पाडणे, सोलणे ही कामे दुसऱ्यांची असत. जमिनीचा मालक एक आणि कसणारा दुसरा, ही स्थिती अष्टागरातही होती. वाडी मक्त्याने किंवा अर्धेलीने घेतलेल्या माणसाचे नाव सरकारी कागदावर येण्याचे कारणच नसे. आपला पणजा ‘वाडीवाला’ होता असे घरात सांगतात आणि सातबाऱ्यावर भलत्याच घराचे नाव निघते, त्यामागचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

शोधाची सुरुवात आजच्या गाव नमुना सातपासून करावी. त्यात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. पुष्कळदा तो रिकामा असतो, पण भरलेला असेल तर वाडीचे बोलीतले नाव तिथे मिळते, आणि वृद्धांच्या तोंडी असलेल्या नावाशी ते जुळले की पाय रोवायला जागा होते. पिकांच्या नमुना बारामध्ये सिंचनाचे साधन लिहिलेले असते. तिथून फेरफार क्रमांक धरून एकेक नोंद मागे जायचे. हक्कनोंदणी मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, तेव्हा फेरफारांची साखळी साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपर्यंत पोहोचते. जुन्या नोंदींची भाषा ठरलेली आहे: ‘रामा बिन गणू’ म्हणजे गणूचा मुलगा रामा, ‘जानकी कोम रामा’ किंवा ‘जानकी भ्रतार रामा’ म्हणजे रामाची बायको जानकी. ‘अ.पा.क.’ दिसले की वारस अज्ञान होता आणि कोणीतरी त्याचा पालनकर्ता होता. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एकट्याचे नाव दिसत असले तरी त्यामागे सगळे भाऊ उभे असतात. एका वारसफेरफारात मृताचे नाव, मृत्यूची तारीख, मुलगे, विधवा आणि कधी शेजारच्या गावी दिलेली मुलगी एवढे सगळे चार ओळींत बसलेले असते.

फेरफार संपले की तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे जावे लागते. शेतवार पत्रक, क्लासर रजिस्टर, आकारफोड पत्रक, गुणाकार बुक, फाळणीचे नकाशे ही तिथली सामग्री. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मूळ मोजणीत प्रत्येक नंबराचा खातेदार आणि जमिनीची प्रत लिहिली गेली. जमीन बागायत धरली की भात किंवा वरकस, हे तिथे कळते. फाळणीचा नकाशा पाहताना पोटहिश्श्यांच्या रेषा कुठे एकत्र येतात ते पाहावे. पुष्कळदा ती जागा विहिरीची असते.

आडनावावर मात्र फार भरवसा ठेवू नये. म्हात्रे, पाटील, नाईक, ठाकूर, राऊत ही नावे माळी, आगरी, वाडवळ, भंडारी, कोळी अशा अनेक समाजांत आढळतात, कारण ती मुळात गावकीतल्या मानाची किंवा कामाची नावे आहेत. गावावरून पडलेले नावही फसवते. चौलकर किंवा नागावकर हे आडनाव हिंदू, मुसलमान आणि बेने इस्राएल कोणाचेही असू शकते. या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएलांनी, ज्यांचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा होता, आपल्या गावांची नावे अशीच घेतली. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत तर पुष्कळांना आडनावच नाही. बापाचे नाव आणि जात एवढ्यावर भागवलेले असते.

जातीची आणि धंद्याची नोंद हवी असेल तर शाळेचे जनरल रजिस्टर आणि गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवालाचे जन्ममृत्यूचे बुक, हे दोन आधार चांगले. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याचे काम राज्यभर चालले तेव्हा हेच कागद हजारो गावांतून बाहेर काढले गेले. त्यांतले जुने कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारा सोबत नसेल तर शोध तिथेच थांबतो, आणि अंदाजाने वाचलेले एक अक्षर अख्खी शाखा दुसऱ्याच घराला जोडून टाकते.

कसणाऱ्या कुळांचे नाव कागदावर आले ते बरेच उशिरा. या तालुक्यात त्यासाठी झालेला झगडा मोठा आहे: चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा दीर्घ संप केला. तो भातशेतीतल्या खोत-सावकारांविरुद्ध होता, पण कुळाच्या हक्काचा विचार त्यानेच या भागात रुजवला. १९४८ च्या कूळकायद्याने कुळांची नोंद होऊ लागली आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारा कायद्याने मालक मानला गेला. ‘कलम ३२ग प्रमाणे’ असा शेरा असलेला फेरफार मक्त्याने वाडी कसणाऱ्या घरासाठी फार मोलाचा आहे, कारण पूर्वजाचे नाव आणि जमीन पुष्कळदा तिथेच पहिल्यांदा एका ओळीत येतात. त्या प्रकरणातले जबाब मिळाले तर आणखी उत्तम. वडिलांच्या आणि आजाच्या वेळेपासून कसत आलो, हे कुळाला तिथे सांगावे लागे.

बायकांचा माग याहून अवघड आहे, आणि या धंद्यात ते विशेष खटकते. भाजी खुडणे, जुड्या बांधणे, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे आणि पैसा घरी आणणे यांतले बरेचसे बायकाच करीत. कागदात त्या येतात त्या विधवा म्हणून. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुली वारसनोंदीत दिसू लागतात, आणि पुष्कळदा लगेच पुढच्याच फेरफारात हक्क सोडलेल्या दिसतात. तरीही त्या नोंदीत तिच्या सासरचे गाव लिहिलेले असते, आणि चौल, नागाव, थळ, आवास या गावांमधल्या सोयरिकींचे जाळे त्यावरून उभे करता येते.

भूसंपादनाच्या निवाड्यांकडे वंशावळीसाठी सहसा कोणी पाहत नाही. थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना ऐंशीच्या दशकात उभा राहिला. अशा प्रकल्पांच्या निवाड्यांत जमिनीबरोबर झाडे आणि विहिरी मोजून त्यांची किंमत ठरवावी लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, त्यानंतरचे नुकसानीचे पंचनामे याच जातीचे आहेत: कोणाच्या वाडीत काय उभे होते हे त्यांत लिहिलेले आहे.

१८४० पूर्वीचा शोध वेगळ्या दप्तरात शिरतो. तोवर अलिबागचा मुलूख आंग्र्यांचा होता. त्या साली कुलाबा संस्थान खालसा झाले. आंग्रे दप्तराचे मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. कोकणात बागायतीवर झाडे मोजून पट्टी घेण्याची रीत होती, त्यामुळे अशा कागदांत माणसाबरोबर माडांचाही आकडा भेटू शकतो. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाकडे होते, तेव्हा तिथल्या घरांनी अलिबागच्या दप्तरात वेळ घालवू नये. जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते, हेही अर्ज लिहिताना लक्षात ठेवावे. कोर्लईच्या ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांचा आधार आहे. हिंदू घरांना नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. त्या गावानुसार आणि घराण्यानुसार ठेवलेल्या असतात, आणि यात्रेला गेलेल्या आजाने तिथे आपल्या बाप-आजांची नावे सांगितलेली असू शकतात.

त्याही मागे गेले की वाड्या दिसतात, वाडीवाले अंधुक होतात. १८८३ चे कुलाबा गॅझेटियर अलिबाग हे नाव अली नावाच्या एका श्रीमंत मुसलमानाशी जोडते. त्याने इथे विहिरी खणल्या आणि बागा लावल्या, असे ते सांगते. पोर्तुगिजांनी १५९१-९२ मध्ये चौलच्या मिळकतींची नोंदवही केली, तीत वाड्या आणि त्यांचे धारे येतात. नागावच्या शके १२८९ च्या, हंबीररावाच्या काळातल्या शिलालेखात आठागरच्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे; म्हणजे साडेसहाशे वर्षांपूर्वी हा प्रदेश याच नावाने कारभारात होता. वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेली महिकावतीची बखर उत्तर कोकणात बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांची हकिकत देते, आणि पुष्कळ घराणी आपली सुरुवात तिथे नेऊन बसवतात. समाजाची आठवण म्हणून तिची किंमत मोठी आहे. पण बखरीतले कूळ आणि सर्व्हे बुकातला पहिला खातेदार यांच्या मधली नावे कागदाने जोडता येत नसतील, तर वंशावळीत तिथे रेघ ओढू नये. जागा मोकळी ठेवावी आणि पहिल्या खातेदारापासून खाली लिहावे.