अध्यापक ऋत्विक घटक

ऋत्विक घटक यांच्या चरित्रकथनात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील वास्तव्याला बहुधा एखाद-दुसऱ्या वाक्यापलीकडे जागा मिळत नाही. ‘सुवर्णरेखा’नंतर हाती चित्रपट उरला नव्हता, म्हणून काही काळ त्यांनी नोकरी पत्करली, असा त्या पर्वाचा सोपा उलगडा केला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. कथाकार घटक आणि दिग्दर्शक घटक यांचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न अध्यापक घटकांकडे पाहिल्यावाचून नीट सुटत नाही.

घटकांचा जन्म १९२५ साली ढाक्याचा. ज्येष्ठ बंधू मनीश घटक हे ‘कल्लोल’ युगातील नावाजलेले लेखक. महाश्वेता देवी या त्यांच्याच कन्या. अशा घरातील तरुणाने कथालेखनाने आरंभ करावा यात नवल नाही. चाळीसच्या दशकात कथा लिहिता लिहिता ते ‘इप्टा’च्या नाट्यचळवळीकडे वळले आणि तेथून चित्रपटाकडे. या प्रवासाची त्यांनी दिलेली कारणमीमांसा प्रसिद्ध आहे. कथा थोड्यांपर्यंत पोहोचते, नाटक त्याहून अधिकांपर्यंत, चित्रपट एकाच वेळी लक्षावधींपर्यंत. उद्या याहून समर्थ माध्यम सापडले तर चित्रपटही सोडून देऊ, असे ते म्हणत. साहित्याच्या अभ्यासकाला हे बोल झोंबतात. माध्यम म्हणजे केवळ वाहन, ही भूमिका इतक्या मोठ्या कलावंताने घ्यावी?

तथापि घटकांच्या जीवनाने त्यांच्याच युक्तिवादाचे खंडन केले. १९५२ साली पूर्ण झालेला ‘नागरिक’ प्रेक्षकांपुढे आला तो १९७७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. ‘अजांत्रिक’ची (१९५८) समीक्षकांनी वाखाणणी केली, परंतु गर्दी जमली नाही. ‘मेघे ढाका तारा’ला (१९६०) तेवढे यश लाभले, ‘कोमल गांधार’ने (१९६१) ते धुऊन नेले. लक्षावधी आले नाहीत आणि तरीही घटक चित्रपट सोडून कथेकडे परतले नाहीत. तेव्हा पोच हे कारण खरे असले तरी अखेरचे नव्हते, असे मानावे लागते.

दुसरे कारण त्यांच्या चित्रपटांतच आढळते. ‘मेघे ढाका तारा’मध्ये नीताचा विश्वासघात होतो तेव्हा ध्वनिपट्टीवर चाबकाचे फटकारे ऐकू येतात. दृश्यात चाबूक कोठेही नाही. कथेत असा फटकारा उमटवायचा तर ‘जणू’ किंवा ‘जसा’ असा शब्द योजावा लागतो, आणि तो योजताच उपमा होते. येथे उपमेवाचूनच आघात होतो. ‘कोमल गांधार’मध्ये पद्मेच्या काठी, एके काळी पूर्व बंगालकडे जाणाऱ्या रुळांवरून कॅमेरा वेगाने धावत जातो आणि रूळ संपतात तेथे पडदा काळा होतो. फाळणीविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या काळोखाचे काम शब्दाने होणे कठीण होते. असे असूनही त्याच चित्रपटातील नाटकमंडळी ‘शाकुंतल’ बसवीत असते, आणि नायिकेचे नाव अनसूया आहे. तपोवन सोडणाऱ्या शकुंतलेच्या निरोपात घटकांनी घर सोडून आलेल्या बंगालचा निरोप ऐकला. साहित्य त्यांनी टाकून दिले नव्हते, ते दृश्याच्या तळाशी नेऊन ठेवले होते.

‘सुवर्णरेखा’तील योगायोगावर टीका झाली. मद्याच्या धुंदीत वेश्येच्या दारी गेलेल्या भावापुढे त्याचीच बहीण उभी राहते, हे अनेकांना भडक वाटले. तो भाऊ कोणत्याही दारी गेला असता तरी ती त्याची बहीणच ठरली असती, अशा आशयाचे उत्तर घटकांनी लेखातून दिले. वास्तववादाच्या कसोटीवर हे समर्थन पुरेसे उतरत नाही. महाकाव्याच्या कसोटीवर मात्र ते उतरते, आणि घटकांना तीच अभिप्रेत होती. त्यांचे निबंधलेखन असे आपल्याच कृतींशी घातलेल्या वादातून सिद्ध झाले आहे. ‘सिनेमा अँड आय’ हा त्यांच्या इंग्रजी लेखांचा संग्रह १९८७ साली प्रसिद्ध झाला.

साठच्या दशकाच्या मध्यास ते पुण्यास आले ते हा वाद बरोबर घेऊनच. प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली ही संस्था स्थापन झाली होती. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच सुरू झाले. जेथे एके काळी ‘संत तुकाराम’ घडला तेथेच उपप्राचार्य म्हणून घटक शिकवू लागले. काळ अल्प होता. विद्यार्थ्यांत मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन अब्राहम होते.

या तिघांचे चित्रपट गुरूच्या चित्रपटांसारखे मुळीच दिसत नाहीत. घटकांचा उद्रेक कौलांच्या संथ, निग्रही चौकटींत कोठून येणार? पण कौल ज्या वाटेने गेले ती पाहावी. ‘उसकी रोटी’ आणि ‘आषाढ का एक दिन’ मोहन राकेशांपासून, ‘दुविधा’ विजयदान देथांपासून, ‘सतह से उठता आदमी’ (१९८०) मुक्तिबोधांपासून. हे मुक्तिबोध घरी मराठी बोलणारे, हा एक सुखद योगायोग. शहानींनी ‘माया दर्पण’साठी (१९७२) निर्मल वर्मांची कथा घेतली, पुढे चेखॉव्ह आणि रवींद्रनाथ घेतले. साहित्यकृतीचे रूपांतर करण्यापेक्षा तिच्याशी झगडावे, हा धडा तेथे दिसतो. जॉन अब्राहम यांनी दुसरा धडा उचलला. १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘ओडेसा कलेक्टिव्ह’ उभी केली आणि केरळात लोकांकडून वर्गणी गोळा करून ‘अम्मा अरियान’ (१९८६) निर्माण केला. जनतेपर्यंत पोहोचण्याची जी प्रतिज्ञा घटकांना स्वतःला पाळता आली नाही, ती अशी मल्याळम भाषेत पुन्हा उच्चारली गेली. एकाच शिक्षकाच्या वर्गातून रूपाची साधना आणि लोकांची ओढ अशा दोन वाटा फुटल्या. घटकांच्या ठायी त्या भांडत एकत्र नांदत होत्या.

१९७४ साली पूर्ण झालेल्या ‘जुक्ति तक्को आर गप्पो’ या अखेरच्या चित्रपटात नीलकंठ बागची या मद्यासक्त बुद्धिजीवीची भूमिका घटकांनी स्वतःच केली. रानात सशस्त्र तरुणांशी तो रात्रभर वाद घालतो. सकाळी पोलिसांच्या गोळीबारात पडतो. मरताना पत्नीला तो माणिक बंद्योपाध्यायांच्या एका कथेतील विणकराची आठवण करून देतो. त्या विणकराजवळ सूत नव्हते, म्हणून त्याने रिकामाच माग चालवला होता.